मोटारीची खांदशेकणी

घर भाड्यानं द्यायच्या आधी माझ्या घरमालकांनी मला एकच प्रश्न विचारला. नवरा कुठे असतो, जात कोणती, घरात मासळी शिजणार का, यातलं काहीही नाही. ओट्यावर डोळे मिटून बसल्या बसल्या ते म्हणाले, "आवाजाचा तरास होते का तुले?"

मी नाही म्हटलं आणि खोली मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अंगणात असा धडधडाट सुरू झाला की मी अंथरुणातून थेट उंबरठ्यावर आले. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या छपराखाली एक जुनं डिझेल इंजिन चालू होतं. त्याला ना पट्टा, ना पंप, ना चक्की. ते नुसतंच चालत होतं आणि मालक शेजारी मान तिरपी करून उभे होते. पंधरा मिनिटांनी त्यांनी ते बंद केलं, फडक्यानं चाक पुसलं आणि चहा प्यायला आत गेले. हे कशासाठी, असं मी त्यांच्या बायकोला, म्हणजे आजींना, विचारलं. "मले कायले इचारतेस? मी बी इथली भाडेकरूच आहो," आजी म्हणाल्या आणि भांडी घासत राहिल्या.

मी तेव्हा देवरी तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नवीन होते. काम म्हणजे जंगलातल्या गावांना जायचं, गुरांना लसी टोचायच्या, नोंदी करायच्या. मी डॉक्टर नाही हे मी सगळ्यांना समजावून सांगत असे. घरमालकांनी ते ऐकून घेतलं आणि पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत मला डाक्टरीनच म्हटलं. सगळे त्यांना बाबाजी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

तीस वर्षं ते एका राईस मिलमध्ये इंजिनावर होते. मिलला विजेची मोटार आली, इंजिन भंगारात निघालं, तेव्हा यांनी ते बैलबंडीवर लादून घरी आणलं. रिकामं इंजिन रोज चालवण्यात काय अर्थ आहे, असं मी त्यांना एकदा विचारून पाहिलं. ते म्हणाले, "ओढताना कोनतंबी इंजिन चालते, बाई. कामधाम नसताना, उभं राहून, एका लयीत चालून दाखवनं, त्यात त्याची परीक्षा." मला तेव्हा ते म्हाताऱ्याचं खूळ वाटलं होतं.

त्यांच्याजवळ सागाची एक हातभर काठी होती. तिचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं कानाला, आणि मग जगाशी संबंध संपला. काठी लावलेली असताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. पाहुणे आले तरी ताटकळत बसत. "पयले आयकून घे, मंग पाना पकड," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते डॉक्टरांनाही सोडत नसत. एकदा मी त्यांना खोकला झाला म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावायला हात पुढे केला, तर यांनी तो मनगटाशी धरला आणि म्हणाले, आधी मला विचार, मग नळी लाव. मग खोकला कोणत्या कुशीवर वाढतो, भातानं वाढतो की भाकरीनं, याचा सगळा पाढा वाचला. बाहेर रांग लागली होती. मी शरमेनं भिंतीवरचे तक्ते वाचत होते.

एका लग्नात भर पंगतीतून ते उठले आणि मांडवामागचा जनरेटर थोड्या वेळात बंद पडणार असं त्यांनी जाहीर करून टाकलं. मुलीचा बाप चिडला. शुभ दिवशी हे काय अभद्र बोलणं, म्हणाला. हे परत बसेनात. वाढपी बुंदीचं भांडं घेऊन उभा, वऱ्हाडी तोंडाकडे पाहताहेत, आणि तेवढ्यात पंखे थांबले, बँडवाल्याचा माइक थांबला. तेव्हा कुठे बाबाजी खाली बसले आणि बुंदी मागून घेतली.

माझं चुकलं, हे दोन शब्द मात्र त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. आजींनी तर मुळीच नाही. एकदा महामार्गावर कुण्या ट्रकवाल्यानं रस्ता विचारला. यांनी भलताच दाखवला. आजी म्हणाल्या, अहो, तो रस्ता तिकडे जात नाही. झालं. बाबाजी धावत जाऊन त्या ट्रकमध्ये बसले. पार छत्तीसगडच्या हद्दीतून वळसा घालून, ट्रकवाल्याला त्याच्या गावी पोचवून, दुसऱ्या दिवशी दुपारी बसनं परत आले आणि दारातूनच म्हणाले, "जाते. रस्ता जाते." आजींनी आंघोळीचं पाणी काढून दिलं.

मी आले त्या उन्हाळ्यात त्यांनी बैलजोडी विकली. गुडघे साथ देईनात. बैलांचा कोठा रिकामा झाला आणि त्याच सुमारास मी गाडी घेतली. स्कूटरवर लसीची बर्फाची पेटी बांधून मी दोनदा जंगलाच्या वाटेवर आपटले होते. अडतिसाव्या वर्षी गाडी शिकले, स्वतःच्या कमाईची जुनी पेट्रोल गाडी घेतली, आणि घरच्यांना घेतल्यावर सांगितलं. मी ती अंगणात लावू लागले, तर बाबाजी आडवे आले. उघड्यावर जनावर बांधत नाही म्हणाले. त्यामुळे गाडी कोठ्यात गेली, धानानं भरलेल्या बांबूच्या ढोलीला लागून, जिथे डाव्या अंगाचा बैल उभा राहायचा.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून खांदे सोललेले असतात, त्यांना तेल-हळद चोळून शेकायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. त्या दिवशी मी कामावरून आले, तर बाबाजी कोठ्यात हातात पळसाचं पान आणि वाटी घेऊन उभे. वाटीत टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल होतं आणि त्यात हळद. टोरीच्या तेलावर त्यांचा भारी विश्वास. भेगाळलेल्या टाचांना तेच, दाराच्या बिजागरीला तेच, बंडीच्या आसाला तेच. बाटली लवकर संपते म्हणून आजींची रोज कुरकुर. ते मला म्हणाले, हिचं टोपण उघड. मी बॉनेट उघडून दिलं. त्यांनी विचारलं, हिचा खांदा कोणता? मी म्हटलं, मला नाही माहीत बाबाजी, सगळंच इंजिन ओढतं. बरं म्हणाले. जाताना मला ऐकू आलं, ते गाडीला हळूच म्हणत होते, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मला भरून आलं, खरं सांगते. दोन थेंब लावतील असं वाटलं आणि मी आत निघून गेले. ते अर्धा तास आत होते.

नवव्या दिवशी गाडी पहिल्यांदा बंद पडली. धावताना काही नाही, वाघासारखी धावायची. थांबली की थरथरायची आणि गप्प व्हायची. फाटकाशी, बाजारात, गावच्या पाराशी. महामार्गाच्या चौकात तर नेमकी. मागे ट्रकांची रांग, भोंग्यांचा कल्लोळ, आणि खिडकीतून मान काढून कुणीतरी म्हणणारच की लेडीज आहे, लेडीज. देवरीच्या मिस्त्रीनं प्लग साफ करून दिले. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग गोंदियाला नेली. तिथल्या गॅरेजवाल्यानं संगणक जोडला, चूक काही दाखवत नाही म्हणाला, स्वतः गाडी पळवून आणली आणि किल्ली माझ्या हातात ठेवत म्हणाला, "मॅडम, गाड़ी एकदम ओके है. आपका पैर बराबर नहीं है. क्लच जल्दी छूटता है."

तो पाय मग तालुकाभर झाला. ऑफिसात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक, की बाईंच्या पायानं गाडी बंद पडते. घरूनही फोनवर तेच, विकून टाक म्हणून. एका गावात मी पोचेपर्यंत पेटीतला बर्फ वितळला, लस परत आणावी लागली. तेव्हा साहेबांनी मला बोलावलं. ते ओरडले असते तर परवडलं असतं. ते समजुतीच्या सुरात बोलले. सोमवारपासून लसीकरणाची फेरी दुसऱ्याकडे देतो, तुम्ही टेबलावर बसा, नोंदी सांभाळा, बाईमाणसाला तेच सोयीचं. सोमवारी सकाळपर्यंत गाडीचं काही ठोस सांगता आलं तर बघू.

मला टेबल नको होतं. ज्या गावांत मी म्हशींना नावानं ओळखू लागले होते ती गावं मला हवी होती. पण सगळ्यात वाईट हे, की मलाही माझ्या पायाचा संशय येऊ लागला होता. शुक्रवारी संध्याकाळी कोठ्यात गाडी चालू करून मी नुसता क्लच सोडायचा सराव करत बसले. दाब, सोड, दाब, सोड, एखाद्या शाळकरी पोरीसारखी. तेवढ्यात काचेवर काठी वाजली.

बाबाजींनी इतके दिवस गाडीत लक्ष घातलं नव्हतं, कारण पेट्रोलच्या इंजिनाला ते इंजिनच मानत नसत, आणि न सांगता दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम होता. मी काय करतेय ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सगळे म्हणतात पाय चुकतो.

"कोन म्हनते?" बाबाजींचा आवाज चढला. "त्यायनं गाडी आयकली का? तुले इचारलं का? चालवून राहिली तू, आन् सांगून राहिले ते?"

शनिवारी सकाळी त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि दोन तास विचारलं. बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. पहिल्यांदा कुठे बंद पडली, थंड असताना की तापल्यावर, चढावर की सपाटीवर, पेटी भरलेली की रिकामी. थांबताना कोणता पाय कुठे असतो. बंद पडायच्या आधी आवाज बसतो की थरथरतो. मी आधी वैतागून आणि मग मन लावून उत्तरं देऊ लागले. इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, "बिरेक जड झाला का?"

ब्रेक जड झाला होता. दोन आठवडे मी तो सगळं अंग टाकून दाबत होते आणि मला वाटत होतं, आपलाच गुडघा धरलाय. तेही मी पायावरच घेतलं होतं.

मग ते पहिल्यांदा माझ्या गाडीत बसले. डोळे मिटून. मला जागोजागी थांबायला लावलं, तलावाच्या पाळीवर, शाळेपुढे, उतारावर. तापल्यावर गाडी तीनदा बंद पडली आणि दर वेळी ते समाधानानं मान हलवत होते. गोंदियातल्या गॅरेजवाल्याला त्यांनी एका वाक्यात निकालात काढलं, की पळवून काय पाहतो, उभी करून पाहा. घरी आल्यावर गाडी कोठ्यात उभी केली, इंजिन चालू ठेवायला लावलं, बॉनेट उघडलं आणि काठी कानाला लावली. मी स्टिअरिंगवर. बॉनेटच्या फटीतून त्यांचं धोतर तेवढं दिसत होतं.

इकडून तिकडे काठी फिरत राहिली. मग एका जागी थांबली. बिरेक दाब, म्हणाले. दाबला. सोड. सोडला. पुन्हा दाब. त्यांनी आजींकडून ओलं फडकं मागून घेतलं आणि आत कुठेतरी दाबून धरलं. त्याबरोबर थरथरणारं इंजिन एकदम शांत झालं, एका लयीत चालू लागलं. फडकं काढलं की पुन्हा धाप. लावलं की पुन्हा लय. मी ओरडलेच, सापडलं का बाबाजी? उत्तर आलं नाही. मी हाक मारली, तरी नाही. धोतर होतं तिथेच होतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी मला खाली बोलावलं. इंजिनापासून ब्रेककडे जाणारी रबराची एक जाड नळी असते. तिला खालच्या अंगानं भोक होतं, करंगळी जाईल एवढं. कडेला उंदराच्या दातांच्या रेघा. तिथून हवा आत शिरत होती. पळताना इंजिनाला त्याचं काही वाटत नसे, उभं राहिलं की तेवढ्यानं त्याचा दम तुटे, आणि त्याच भोकानं ब्रेकही जड केला होता. एवढं समजावून ते थांबले. मग नळीवर बोट टेकवून म्हणाले, "रंग पाह्य."

रबराच्या भेगांत हळद बसली होती. रबर फुगून मऊ पडलं होतं आणि त्याला टोरीच्या तेलाचा वास येत होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी प्रत्येक नळी निगुतीनं चोळली होती, खांदा कुठे ते माहीत नव्हतं म्हणून सगळीकडे. शेजारी धानाची ढोली, तिच्यात उंदीर, आणि उंदरांपुढे तेलात मुरलेलं रबर. आजी मागून डोकावल्या आणि म्हणाल्या, "घ्या. उंदरायची बी खांदशेकणी झाली."

फडकं बाबाजींच्या हातात होतं, ओलं होतं. हळद पुसून टाकायला एक क्षण लागला असता. उंदरानं नळी खाल्ली एवढं सांगितलं असतं तरी मी त्यांच्या पाया पडले असते. आत ते इतका वेळ का गप्प उभे होते, ते मला तेव्हा कळलं. आजही त्या फडक्याची आठवण आली की मला त्या माणसाचा अभिमान वाटतो. जिथे सगळं जग आपलंच खरं करून दाखवतं, तिथे या हट्टी म्हाताऱ्यानं हातात आलेलं फडकं वापरलं नाही.

मी म्हटलं, बॉनेट मीच उघडून दिलं होतं. त्यांनी ते ऐकलंच नाही. भोकावर सायकलची ट्यूब गुंडाळू का म्हणून मी विचारलं, तर एवढे संतापले की बस. ब्रेकवर जुगाड नाही. दुपारच्या बसनं स्वतः गोंदियाला गेले, नवी नळी घेऊन आले. रविवारी देवरीच्या मिस्त्रीला घरी बोलावून, त्याच्या मानेवर उभं राहून ती बसवून घेतली. जुनी नळी त्यांनी जपून बाजूला ठेवली. सोमवारी आपण ऑफिसला येणार, असं त्यांनी मला सांगितलं नाही. ते सकाळी धुतलेलं धोतर नेसून गाडीत बसूनच होते.

बाबाजींना जाऊन आता दोन वर्षं झाली. माझी बदली नवेगाव बांधकडे झाली, गाडी तीच आहे. आरशाला लोक लिंबू-मिरची बांधतात, मी तो नळीचा तुकडा बांधलाय. नजर लागू नये म्हणून का, असं विचारतात. मी म्हणते, नाही, पाय ठीक आहे हे लक्षात राहावं म्हणून. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी बॉनेट बंद ठेवते आणि वरून तेल-हळदीचं एक बोट ओढते. आवतनही देते. हसणारे हसतात. हसोत.

त्या सोमवारी ऑफिसच्या आवारात मी गाडी साहेबांच्या खिडकीसमोर उभी केली. फेरीला निघणारे सगळे तिथेच होते. मी उतरू लागले, तर बाबाजींनी हातानं थांबवलं. चालू राहू दे, म्हणाले. नळी घेऊन ते खिडकीशी गेले. साहेब बाहेर आले, हे कोण म्हणून माझ्याकडे पाहू लागले.

बाबाजींनी नळी त्यांच्या हातात दिली. भोक दाखवलं, हळद दाखवली, सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. शिपाई हसला. बैलाची खांदशेकणी गाडीला केली म्हटल्यावर कोण नाही हसणार. बाबाजी त्याचं हसून होईपर्यंत थांबले. मग मोठ्यानं, आवारभर ऐकू जाईल असं म्हणाले, "माहं चुकलं. गाडी मी बिघडवली. बाईचा पाय बरोबर होता."

मी गाडीत बसून ऐकत होते. माझे डोळे वाहू लागले आणि मी ते पुसले नाहीत. स्टिअरिंगवरचे दोन्ही हात मला सोडायचे नव्हते.

साहेब म्हणाले, ठीक आहे, ठीक आहे, मिटलं मग.

"मिटलं नाही," बाबाजी म्हणाले. "मी बोललो माहं चुकलं. आता तुमी बोला."

साहेबांनी नळी उलटसुलट करून पाहिली, घड्याळ पाहिलं, माझ्याकडे हात करून म्हणाले, आधी ती गाडी बंद करा, पेट्रोल जळतंय. बाबाजी तोवर पायरीवर बसले होते. त्यांनी काठी जमिनीवर टेकवली, डोळे मिटले आणि मान तिरपी केली.

"नको करू, डाक्टरीन," ते म्हणाले.

मी केली नाही. साहेबांना ते दोन शब्द बोलायला बारा मिनिटं लागली. तेवढा वेळ गाडी जागेवर उभी राहून एका लयीत चालत होती.